दारात विचारायचं

नाही नाही, तिथे नाही — अहो, इतक्या खाली कुठे निघालात, वर या, आणखी वर — हं, थांबा. या दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा दिसतेय ना? इथे तपासायचं कार्डाचं व्हर्जन. इथेच. दुसरीकडे कुठेही नाही. लिहून नका घेऊ, नुसतं ऐका — लिहून घेतलेलं माणूस विसरतो, असं आमचे सर म्हणतात. सरांची वाक्यं फार छान असतात. कळेलच तुम्हाला.

मुळापासून सांगते, कारण उद्यापासून ही खुर्ची तुमची, आणि दुपारपर्यंत सगळं समजावून मोकळी हो असं मला सांगितलंय — मोकळी हो! शब्द तरी बघा किती गोड. माझा पासवर्ड सकाळीच बंद झाला, म्हणून माझ्याच कामाकडे मी तुमच्या खांद्यावरून वाकून बघतेय. असो. आपण काय करतो? लहान लहान क्लिनिकमध्ये एक्स-रेची मशीनं असतात, त्यांत फोटो साठवायचं कार्ड बसवून देतो. कार्ड बाहेरून येतं, ड्रायव्हर आपला. ड्रायव्हर म्हणजे — तुम्हाला माहीत आहे हो, पण तरी — मशीन आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. मशीन म्हणतं, हा फोटो ठेव. दुभाषा ते कार्डाच्या भाषेत सांगतो. कार्ड म्हणतं, ठेवला. मशीन निश्चिंत. सगळा खेळ त्या 'ठेवला' शब्दावर आहे. तो शब्द खरा असला पाहिजे, बस. तो खोटा निघाला तर बाकीचं सगळं शोभेला. आणि आज संध्याकाळी हा ड्रायव्हर सगळ्या क्लिनिकना जातोय, नव्या कार्डांसकट. म्हणून म्हणतेय, ही मोकळी जागा नीट बघून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, तपासायचंच आहे ना, मग कुठेही तपासा, इथेच कशाला? म्हणा ना. मनातल्या मनात म्हणालात तरी चालेल, तुम्ही फार बोलत नाही हे आलंय माझ्या लक्षात. तर — ड्रायव्हर लोड होतो तिथे तपासून उपयोग नाही, कार्ड अजून समोरच आलेलं नसतं, बाजारात तुरी तसला प्रकार. पुढे हा तक्ता आहे, कुठली कार्डं आपली ते सांगणारा. पुष्कळ लोक इथेच थांबतात — तक्त्यात बसलं की झालं! पण तक्ता सांगतो बनवणारा कोण आणि मॉडेल कुठलं. म्हणजे नुसतं आडनाव. आडनावावरून माणूस कळतो का? एका घरात एकाच आडनावाची काय काय माणसं असतात, मला विचारा. मग काहीजण आणखी खाली जातात, लिहायच्या वेळी तपासतात, तुम्ही आत्ता गेला होतात तिथे. पण तिथवर मशीनने कार्डाला घरातलं मानलेलं असतं, पेशंट टेबलावर झोपलेला असतो, फोटो निघालेला असतो — आणि तेव्हा म्हणायचं, माफ करा, हे कार्ड चालणार नाही? ताटावर बसवून उठवायचं? नाही. कार्ड पहिल्यांदा समोर येतं, ड्रायव्हर त्याला पहिल्यांदा भेटतो — प्रोब म्हणतात ना त्याला — तिथेच, त्याच्याकडून दुसरं काहीही करून घ्यायच्या आधी, पहिला प्रश्न: तुझं व्हर्जन कितवं? बोर्डाचं वेगळं विचारायचं, आतल्या फर्मवेअरचं — कार्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं — वेगळं, दोन्ही विचारायची. ओळखीचं असेल तर ये. नसेल तर बाहेर थांब. दारात विचारायचं. हेही वाक्य माझं नाही. सरांचं आहे. मी कॉलेजात होते तेव्हा त्यांनी मला शिकवलेला पहिला धडा — 'दारात विचारायला लाजलं की घरात रडावं लागतं.' सांगितलं ना, छान असतात वाक्यं.

आता ही दोन कार्डं हातांत धरा. हे दुसरं व्हर्जन, हे तिसरं. फरक सांगा. नाही सांगता येणार, तेच नाव, तोच मॉडेल नंबर, रंगसुद्धा तोच. उलटं करा — इथे, कडेला, कपॅसिटर आहे ना? आणि याच्यावर? रिकामी जागा. वीज गेली तरी क्षणभर तग धरायला म्हणून ती शिदोरी असते, तेवढ्यात कार्ड हातातलं काम संपवतं. तिसऱ्या व्हर्जनला शिदोरीच दिली नाही कोणी. आणि सवय मात्र जुनीच — फोटो हातात पडला रे पडला की 'ठेवला' म्हणून मोकळं व्हायचं, खरा ठेवायचा नंतर सावकाश. मधे कोणी बटण बंद केलं की संपलं. ओठात एक, पोटात एक. पण मी कार्डाला दोष नाही देणार हां. कार्ड लपवत नाही काही. दारात विचारलं असतं तर त्याने सरळ सांगितलं असतं, मी तिसरं आहे. विचारलं तर पाहिजे ना कोणी!

मी विचारत होते. या मोकळ्या जागेत माझ्या ओळी होत्या. पहिलं व्हर्जन, ये. दुसरं, ये. आणखी काहीही असेल, तर मशीनच्या पडद्यावर साधा निरोप — हे कार्ड ओळखीचं नाही, आम्हाला फोन करा. तिसऱ्यासाठी वेगळी वागणूक मी लिहीत होतेच — प्रत्येक फोटोनंतर त्याला दटावून विचारायचं, खरंच ठेवलास का, आधी पुरं कर मग बोल. पण ते लिहून, तपासून व्हायला वेळ लागतो, आणि तोवर गोदामात तिसऱ्या व्हर्जनची खोकी येऊन पडली होती. आपली पोरं ती क्लिनिकमध्ये बसवायला घेऊन गेली आणि फोन सुरू झाले — मशीन कार्ड घेतच नाही. घेणारच नव्हतं! त्याचसाठी केलं होतं! तर संध्याकाळी गाडीत मामा मला म्हणाला, अडवायलाच हवं का गं? मी म्हटलं हो, अडवायलाच हवं. तो म्हणाला, बरं. आमच्या मामाचं 'बरं' म्हणजे —

हो. मामा. सर म्हणजे माझा मामा. सख्खा. आईचा थोरला भाऊ. तुम्हाला नव्हतं माहीत? ऑफिसात कोणी सांगणार नाही, कारण तसा नियमच आहे. पहिल्या दिवशी या इथेच, या टेबलापाशी त्याने मला सांगितलं, या दारातून आत आल्यावर मी तुझा मामा नाही, तू माझी भाची नाही. मी सर, आणि तू इथली एक इंजिनिअर. आणि मला ते आवडलं, खरंच सांगते, इतकं आवडलं! घरी 'अरे मामा', इथे 'हो सर'. जिन्यात बदलायची भाषा. कधी चुकले नाही मी. बाबा गेल्यापासून आमचं सगळं त्यानेच बघितलं — माझं कॉलेज, आईचं आजारपण, घराचं छप्परसुद्धा — तरी इथे मी त्याच्याशी भांडले आहे, बरोबर आहे म्हणून जिंकलेही आहे, आणि तो लोकांसमोर म्हणालाय, ही म्हणते ते खरं आहे. तुम्हाला काय वाटतं, असं वरिष्ठ माणसं म्हणतात? एकदा तरी ऐकलंय तुम्ही? मीही फक्त त्याच्याच तोंडून ऐकलं. बाकी थोरामोठ्यांचं मला विचारू नका. 'आमचे केस उन्हात पांढरे झाले नाहीत' म्हणतात — मग कशात झाले ते तरी सांगा एकदा.

तर ते 'बरं'. त्या 'बरं'नंतर त्याने माझ्या ओळी काढून टाकल्या. मला न सांगता. पोरं परत गेली, कार्डं बसवली, मशीनने घेतली, सगळे खूश. आणि इथे जवळच्याच चौकातल्या क्लिनिकमध्ये, एक्स-रे काढणाऱ्या बाई आहेत तिथे, त्यांनी शेवटचा पेशंट झाल्यावर रोजच्यासारखं बटण बंद केलं आणि घरी गेल्या. सकाळी बघतात तर आदल्या संध्याकाळचे फोटो कोरे. राखाडी. नाव आहे, वेळ आहे, फोटो नाही. एका मुलीचं मनगट होतं, तिला पुन्हा बोलावलं, पुन्हा काढला. एका आजींचा गुडघा, त्यांचाही काढला. आणि एक फरशी बसवणारा माणूस होता. छातीचा फोटो. बाईंना काढतानाच काहीतरी सावली दिसली होती, त्यांनी मनाशी ठरवलं होतं, सकाळी डॉक्टरांना पहिल्यांदा हाच दाखवायचा. तो माणूस कामापुरता इथे आला होता, काम संपलं, गेला. त्याने दिलेला नंबर त्याच्या मुकादमाचा, आणि मुकादम म्हणतो, असे किती येतात आणि जातात बाई, मी कुणाकुणाला शोधू? म्हणजे तो माणूस आत्ता कुठेतरी गुडघ्यांवर बसून फरशी बसवतोय आणि त्याला वाटतंय, फोटो काढलाय, काही असतं तर कळवलं असतं त्यांनी.

पाणी आहे का त्या बाटलीत? द्या जरा.

मग बैठक झाली. क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई, त्या एक्स-रेच्या बाई, आमचे सर, मी. मला वाटलं होतं सर सांगतील, मी तपासणी काढली, चुकलं. कठीण होतं, पण त्याने मला कठीण गोष्टीच तर शिकवल्या होत्या. आणि सर उभे राहिले — हात जोडले — आणि म्हणाले, 'भाची आहे माझी. लहान आहे. तपासणी भलत्याच ठिकाणी घातली तिने, त्यात कार्ड गोंधळलं. आता ती आम्ही काढून टाकली आहे. हिची चूक पदरात घ्या, तिच्या वतीने मी माफी मागतो.' कळलं तुम्हाला? इतकी वर्षं या दारातून आत मी भाची नव्हते. त्या दिवशी झाले. नुसतं खोटं बोलला असता तर मी तिथेच उभी राहून भांडले असते. पण तो माझ्यासाठी माफी मागत होता! हात जोडलेल्या माणसाशी भांडता येतं का? डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले हो, इतका मोठा मनाचा मामा बघून. आणि त्या एक्स-रेच्या बाई — त्यांनी टेबलाखालून माझा हात थोपटला. 'होतं गं बाळा.' ते थोपटणं अजून जात नाही माझ्या हातावरून. जगात लोक दुसऱ्याला मामा बनवतात. इथे मामानेच भाचीला मामा बनवलं. हसा, हसा, मी पण हसले होते आठवून, विनोद चांगला आहे.

का बोलले नाही मी? कारण मला वाटलं, खाली गाडीत बसल्यावर तो काहीतरी म्हणेल. गाडी सुरू केली. मी वाट बघतेय. आणि तो म्हणाला, काच खाली करू का, उकडतंय का तुला?

आता तुमच्या लक्षात आलं का, ही जागा मोकळी का आहे ते? नाही आलं? अहो, तो विसरला म्हणून नाही. त्याला माहीत आहे. माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण एकदा लोकांसमोर सांगून बसलाय की तपासणीमुळेच घोटाळा झाला, मग आता ती परत कुठल्या तोंडाने घालणार? ओळी परत आल्या की डॉक्टरीणबाई विचारणार, अहो, मग काढल्या होत्या कशाला? म्हणून जागा मोकळी ठेवायची. म्हणून आज संध्याकाळी हे असंच सगळीकडे जाणार, आणि मग एकाच क्लिनिकचं नाही, सगळ्यांचं बटण संध्याकाळी बंद होणार. माझ्या नावाचं जाऊ दे — नाही, जाऊ दे असं नाही, मला राग आहे, प्रचंड राग आहे — पण ते बाजूला ठेवा. एक खोटं टिकवायला तो हे सगळं होऊ देणार आहे. माझा मामा! तिसऱ्या व्हर्जनसाठीची ती वागणूक माझी अर्धीच राहिलीय, ती सावकाश करा, त्याला घाई नाही. घाई फक्त या ओळींची आहे. सांगते तशा टाइप करा. चार ओळी नाहीत धड.

काय? नाही, पुन्हा म्हणा.

लग्न ठरलंय म्हणून सोडतेय? कोण? मी? असं सांगितलं त्याने तुम्हाला? अरे वा! क्लिनिकला एक सांगितलं, घरी दुसरं, तुम्हाला तिसरं — याचंही तिसरं व्हर्जन निघालं! आणि तुम्ही मघापासून मनात मला शुभेच्छा देत होतात की काय? अहो, नवरा कोण तेही विचारून घ्यायचं होतं, मलाही कळलं असतं.

घरी काय सांगितलं विचारताय? घरी त्याने काहीच खोटं सांगितलं नाही. तेच तर. घरी त्याने आईला खरं सांगितलं. सगळं. ओळी मी काढल्या, पोरीवर ढकललं, सुचलं नाही ताई... नाही, ताई नाही म्हणत तो तिला, ती धाकटी त्याच्याहून, छकुली म्हणतो, या वयात छकुली — रडला म्हणे तिच्यासमोर. आणि हे मला आईनेच सांगितलं, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, मग तुला माहीत आहे! मग चल, तू सांग त्याला. तर म्हणते — 'तुझं वय आहे. तुला दुसरी नोकरी मिळेल. त्याला दुसरं नाव कुठून मिळणार?' मी म्हटलं, आणि माझं नाव? ती म्हणाली, 'तुझं अजून झालंय कुठे.'

हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. कोणालाच सांगणार नव्हते. मामाचं काय, त्याने घातला तो घाव मी बघितला तरी समोरून. पण ही — माझ्या बाजूला कोणी नसलं तरी ही असते, असं मी न विचारता धरून चालले होते. जाऊ दे. टाइप करा. हात का थांबलाय? पहिल्या ओळीत व्हर्जन वाचून घ्यायचं —

सरांना विचारून?

अहो, मी आत्ता तासभर काय पारायण करत होते? सरांना विचारून! तुमचं वय काय, माझ्या दुप्पट तरी असेल, डोळ्यांनी कार्ड बघितलं, बोट लावून रिकामी जागा बघितली, आणि तरी सरांना विचारून! — नाही. नाही, थांबा. ओरडायला नको होतं. किती दिवस घरी होतात हो, ही नोकरी मिळायच्या आधी? नका सांगू. तुम्ही डब्याचं झाकण सकाळपासून ज्या तऱ्हेने सारखं करताय ना, त्यावरून कळतंय. घरी सगळ्यांना सांगून आला असाल आज. मी खुर्ची ओढून, तुमच्या हाताखालून ओळी घालू शकते, दोन मिनिटांचं काम आहे. पण नाव तुमचं लागेल त्याला. माझी करणी आणि तुमच्या नावावर — नाही, ते नाही करणार मी. ते या घराण्यात एकाने केलं तेवढं पुरे. लावा फोन. विचारा सरांना. लावा ना, मी काही खात नाही तुम्हाला.

...

काय म्हणाले?

'आत्ता नको.' हं. आणि? आणि काय, तोंड का असं झालं तुमचं? सांगा.

आई?

खाली? कुठे खाली — सरका जरा, खिडकी — हो. त्याची गाडी आहे. आणि पुढच्या सीटवर... साडी बदलून आलीय. मला न्यायला आली. त्याच्या गाडीतून, त्याच्या शेजारी बसून, मला न्यायला. दोघंही वर बघत नाहीयेत. ती काहीतरी सांगतेय त्याला आणि तो मान हलवतोय. बघा, कसे दिसतात — लहानपणी एकाच शाळेत जाणारी भावंडं दिसतील तसे.

माझी पर्स द्या. ती दोन्ही कार्डं माझ्या हातात द्या, तिसऱ्या व्हर्जनचं पण, उद्या ऑफिसने विचारलं तर सांगा मी नेली. नाही, गाडीत नाही बसणार. आणि मागच्या जिन्याने पण नाही जाणार, चोरी मी नाही केली. पुढच्या दाराने, गाडीच्या समोरून चालत जाणार. दारातून उजवीकडे वळलं की आमचं घर. डावीकडे वळलं की चौक, आणि चौकात त्या एक्स-रेच्या बाई बसतात. आईला काचेतून नीट दिसेल मी कुठे वळले ते. तिला हाक मारायची असेल तर मारेल.

तुम्ही खिडकीत नका उभे राहू. बसा. कामाला लागा.